पेल्यांची पंजी

काळा पायघोळ झगा पांघरलेला एक माणूस मान खाली घालून उभा आहे. पुढ्यात तीन पेले कलंडलेत, त्यांतलं सगळं जमिनीवर सांडलंय. पाठीमागे आणखी दोन पेले आहेत. ते सरळ उभे आहेत, पण त्याचं तिकडे लक्ष नाही. पलीकडे नदी, नदीवर पूल, पुलाच्या पल्याड छोटीशी गढी. आभाळ करडं. टॅरोच्या ७८ पानांतलं हे एक पान. आपल्या पत्त्यांच्या भाषेत सांगायचं तर पेल्यांची पंजी.

गेल्या पावसाळ्यात एक मैत्रीण घरी आली होती. वडिलांनी बांधलेलं चिपळूणचं घर विकायचं भावांनी ठरवलं होतं आणि सही करायला तिचा हात धजत नव्हता. तिने पत्ते पिसले, अर्धे उचलून खाली घातले आणि वरचं पान उलटलं. या पानाचा अर्थ पुस्तकात काय दिलाय ते मी सांगितलं नाही. ती बराच वेळ बघत राहिली.

"हा मागे वळून का बघत नाही गं?"

"तूच सांग."

"वळला तर रडणं थांबवावं लागेल त्याला." मग जरा थांबून, "आणि मागचे दोन काय आहेत तेही कबूल करावं लागेल."

ते दोन काय, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वहीत तिने काहीतरी लिहून घेतलं. घर विकावं की ठेवावं याचं उत्तर पानात नव्हतंच. पुठ्ठ्याच्या तुकड्याला चिपळूण ठाऊक नसतं, भाऊ ठाऊक नसतात आणि उद्या काय होणार तेही ठाऊक नसतं. पण जे कित्येक दिवस तिला घरच्यांशी किंवा स्वतःशीही बोलता आलं नव्हतं, ते चित्रातल्या परक्या माणसाबद्दल बोलताना सहज तोंडून निघालं. टॅरोचं मोल माझ्या लेखी इथे आहे. भविष्य सांगण्याच्या दाव्यापेक्षा ते मला कितीतरी मोठं वाटतं.

हे मोल आलं कुठून, ते बघायचं तर आधी एक जुनी थाप बाजूला सारावी लागते. टॅरो ही इजिप्तच्या पुरोहितांची हजारो वर्षांची गुप्तविद्या, असं आजही बिनदिक्कत सांगितलं जातं. तसं काही नाही. टॅरो जन्मला उत्तर इटलीत, १४४० च्या आसपास, आणि तोही खेळ म्हणून. पेले, नाणी, तलवारी आणि काठ्या असे चार रंग. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि वर गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा. अशी ५६ पानं झाली. त्यांखेरीज २२ चित्रांची पानं: विदूषक, जादूगार, सम्राज्ञी, फाशी दिल्यासारखा उलटा टांगलेला माणूस, मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य वगैरे. विदूषक सोडला तर बाकीची एकवीस पानं म्हणजे कायमचा हुकूम. मेंढीकोट किंवा तीनशे चार खेळलेल्याला त्यांचं काम समजावून सांगायला नको. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी १४५० च्या सुमारास सोन्याच्या वर्खावर रंगवलेला एक जोड होता. त्यातली ७४ पानं आजही आहेत. बरीचशी न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आणि बेर्गामोच्या अकादेमिया कारारा या संग्रहालयात. टॅरोच्या पानांनी सरदार-दरकदार हात करत बसत.

इजिप्तची कथा रचली गेली १७८१ मध्ये, पॅरिसला. आंत्वान कूर द जेब्लँ या विद्वान गृहस्थाने हे पत्ते पाहिले आणि आपल्या ग्रंथाच्या आठव्या खंडात जाहीर करून टाकलं की हा इजिप्ती ज्ञानदेवतेचा, थोथचा, लपवून ठेवलेला ग्रंथ आहे. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडायला १८२२ साल उजाडावं लागलं. म्हणजे खोडून काढायला कुणी नाही, अशा जागी बसून केलेलं ते विधान होतं. लगोलग एतेया या टोपणनावाच्या माणसाने पानांवरून भविष्य सांगण्याचा धंदा थाटला, खास त्यासाठी पत्ते छापले. पुढे एलिफास लेवी या फ्रेंच गूढवाद्याने २२ पानांची हिब्रूच्या २२ अक्षरांशी सांगड घातली आणि खेळाची विद्या झाली.

एखादी गोष्ट चांगली ठरायला ती अतिप्राचीन असावी लागते, ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे. मला ती फार नुकसानकारक वाटते. खोटी वंशावळ जोडली की साधकाला पहिल्याच पायरीवर अविचाराची सवय लागते. टॅरोचा खरा इतिहास लहान आहे आणि तो माणसांच्या हातांनी घडलेला आहे. मला त्यात कमीपणा दिसत नाही.

त्या इतिहासाचा एक धागा गिरगावातून जातो. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑलकॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, गिरगावात राहिले, आणि ऑक्टोबरपासून त्यांनी 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक काढलं. १८८२ च्या अखेरीस मंडळी मद्रासजवळ अड्यारला गेली. या मासिकातून मेरठच्या रामप्रसाद यांनी स्वरोदयशास्त्रावर, म्हणजे श्वास आणि पंचतत्त्वांवर, लेख लिहिले आणि पुढे त्यांचं इंग्रजी पुस्तक झालं. लंडनमध्ये १८८८ साली स्थापन झालेल्या 'हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळाने ते उचललं. पृथ्वीचा पिवळा चौकोन, आपाची रुपेरी चंद्रकोर, तेजाचा तांबडा त्रिकोण, वायूचं निळं वर्तुळ, आकाशाचं जांभळं अंडाकृती चिन्ह. कवी येट्स ज्या मंडळात होता, त्यातली माणसं पुठ्ठ्यावर ही चिन्हं रंगवून त्यांवर ध्यान करत आणि मनात उठणारी दृश्यं टिपून ठेवत. आपल्या स्वरोदयाचं पोथीतलं ज्ञान तिकडे असं चित्रांच्या वाटेने गेलं.

या मंडळात १९०१ साली एक चित्रकर्ती दाखल झाली. पामेला कोलमन स्मिथ. माझ्या मते टॅरोच्या कहाणीतली सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती ही, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं गेलं.

जन्म लंडनचा, १८७८ चा, आईवडील अमेरिकन. बालपण मँचेस्टरमध्ये आणि जमैकात गेलं. ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये ती चित्रकला शिकली, पण पदवी न घेताच बाहेर पडली. जमैकात ऐकलेल्या अनान्सी कोळ्याच्या लोककथा तिने १८९९ मध्ये स्वतःच्या चित्रांसह छापल्या आणि लंडनच्या बैठकींत त्या ती जमैकाच्याच बोलीत रंगवून सांगायची. हेन्री आयर्विंग आणि एलेन टेरी यांच्या लायसियम नाटक मंडळीबरोबर ती फिरली. संगीत ऐकताना तिला आकार दिसत आणि ती ते तसेच कागदावर उतरवी. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झच्या छायाचित्रांसाठी गाजलेल्या दालनात १९०७ साली छायाचित्रांव्यतिरिक्त पहिलं प्रदर्शन भरलं ते तिच्या चित्रांचं.

१९०९ मध्ये याच मंडळातल्या आर्थर एडवर्ड वेटने तिला टॅरोचा नवा जोड काढायला सांगितला. वेट पुस्तकी माणूस. त्याला रस होता तो मोठ्या २२ पानांत, आणि तिथे काय हवं ते त्याने नेमकं सांगितलं. उरलेल्या छोट्या पानांत तिला बरीच मोकळीक मिळाली असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे तिने जे केलं त्याने सगळं बदललं.

त्याआधीच्या प्रचलित पत्त्यांत पाच पेले म्हणजे फक्त पाच पेले, आपल्या पत्त्यातल्या पाच बदामांसारखे ओळीत मांडलेले. त्यांचा अर्थ कुणीतरी सांगायचा आणि तुम्ही तो पाठ करायचा. पामेलाने या प्रत्येक पानात प्रसंग घातला. पाच पेल्यांच्या मध्ये शोक करणारा माणूस आला. नऊ तलवारींच्या खाली रात्री अंथरुणात उठून बसलेली, तोंड ओंजळीत लपवलेली बाई आली. सहा तलवारी नावेत रोवल्या गेल्या आणि त्या नावेत पाठमोरी बाई, पोर आणि नाव वल्हवणारा नावाडी. दहा काठ्यांचा भारा कवटाळून कुणी गावाकडे निघालाय आणि त्या भाऱ्यामुळे त्याला समोरचं दिसत नाहीये. तिने हे सगळं शून्यातून काढलं असं नव्हे. इटलीतल्या सोला-बुस्का नावाच्या १५ व्या शतकाअखेरच्या जोडात छोट्या पानांवर आकृती होत्या. त्याची छायाचित्रं १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. तीन तलवारींनी भोसकलेलं काळीज तिथलंच. पण माणसांची उभं राहण्याची ढब, पडलेले खांदे, वळलेली मान, हे तिचं स्वतःचं. ते रंगभूमीवरून आलंय. बारकाईने पाहिलं तर कित्येक पानांत पात्रांच्या पायांमागे एक आडवी रेघ दिसते: अलीकडे रंगमंच, पलीकडे रंगवलेला पडदा.

परिणाम असा झाला की टॅरोला गुरूची गरज उरली नाही. दीक्षा नको, हिब्रू नको. ज्याला चेहरा वाचता येतो, त्याला पान वाचता येतं. वेटने गुप्तविद्येवर जाडजाड ग्रंथ लिहिले, ते आज किती जण उघडतात? पामेलाची चित्रं अनोळखी घरांत पोचली आणि तिथे बसून माणसं आपापल्या दुःखाशी बोलू लागली. टॅरो ही वैयक्तिक साधना होऊ शकली ती या चित्रांमुळे.

१९०९ च्याच नोव्हेंबरात तिने स्टिग्लिट्झला पत्रातून कळवलं की फार थोड्या पैशांत एक मोठं काम नुकतंच हातावेगळं केलंय. डिसेंबरात विल्यम रायडर अँड सनने जोड बाजारात आणला. जगाने त्याला प्रकाशकाचं आणि वेटचं नाव जोडून 'रायडर-वेट' म्हटलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिची नागमोडी सही आहे, तरी तिचं नाव त्यात घ्यायला लोकांना पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. १९११ मध्ये तिने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि पुढे ती कॉर्नवॉलला जाऊन राहिली. १८ सप्टेंबर १९५१ ला ब्यूड गावी ती वारली. डोक्यावर कर्ज होतं, ते भागवायला घरातल्या चीजवस्तू विकल्या गेल्या. तिची कबर नेमकी कुठे ते आज कुणालाच सांगता येत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात हा जोड पुन्हा छापला गेला आणि घरोघर गेला. त्या पैशातलं काही तिच्यापर्यंत पोचण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

छापील जोडाबरोबर दुसरी गोष्ट वाढली ती वही. ईडन ग्रे या न्यूयॉर्कच्या पुस्तकविक्रेत्या बाईंनी १९६० मध्ये सोप्या भाषेत टॅरोवर लिहिलं. रेचेल पोलॅकच्या १९८० च्या पुस्तकाने पानांना साहित्यासारखं वाचायला शिकवलं. मेरी ग्रीअरचं १९८४ चं पुस्तक तर सरळ स्वाध्यायाची वही होतं: पान काढा, स्वतःसाठी काढा, आणि लिहा. स्वतःसाठी पानं काढू नयेत या समजुतीला तिने चांगलाच धक्का दिला.

माझी पद्धत याच वाटेची आहे. सकाळी चहाच्या आधी एक पान. प्रथम फक्त काय दिसतं ते लिहायचं: हात कुठे आहेत, नजर कुठे आहे, पाणी वाहतंय की थांबलंय. अर्थ नंतर. मग चित्रातली कोणती गोष्ट नकोशी वाटली ते लिहायचं, कारण बहुतेक वेळा खरं तिथेच सापडतं. रात्री त्याच पानाखाली दिवसाचं चार ओळींत. भाकीत नाही, त्यामुळे खरं ठरलं की खोटं हा हिशेबही नाही. महिन्याभराने मागची पानं चाळली की मी कोणत्या विषयाला सारखी वळसा घालत होते, ते माझ्याच अक्षरात समोर येतं.

मॅजिक म्हणून जी पाश्चात्त्य साधना ओळखली जाते, तिच्याही मुळाशी वही आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. मंत्र, धूप, चार दिशांना उभं राहून हवेत पंचकोनी तारा रेखणं, हे सगळं दिसतं. पण गोल्डन डॉनमधूनच पुढे आलेल्या अलिस्टर क्राउलीने आपल्या शिष्यांवर जी सक्ती केली ती रोजनिशीची: तारीख, वेळ, मनाची अवस्था, काय केलं, काय झालं. माणूस म्हणून क्राउली मला अजिबात आदरणीय वाटत नाही. जवळच्या लोकांना, विशेषतः बायकांना, त्याने निष्ठुरपणे वापरलं, आणि त्याच्या शब्दाला वेदवाक्य मानणाऱ्यांनी हे विसरू नये. मात्र अनुभव आला की लगेच त्याचा अर्थ न लावता तो नोंदवून ठेवा, ही शिस्त चांगली आहे. आपल्या घरांत रामनाम लिहिण्याच्या वह्या असायच्या. माझ्या आजीच्या तसल्या वहीत समासात मधूनच 'आज लक्ष नव्हते' असं लिहिलेलं सापडतं. तिची साधना मला त्या तीन शब्दांत जास्त दिसते.

क्राउलीच्या टॅरोचीही चित्रं बाईनेच काढली. लेडी फ्रीडा हॅरिस, एका ब्रिटिश खासदाराची पत्नी. काही महिन्यांत उरकायचं म्हणून १९३८ मध्ये सुरू केलेलं काम तिने १९४३ पर्यंत चालवलं. एकेक चित्र पुन्हा पुन्हा काढलं. नवरा गेल्यावर ती भारतात आली आणि १९६२ मध्ये श्रीनगरला वारली. तिचे पत्ते जोड म्हणून छापून आले १९६९ साली. क्राउली १९४७ मध्येच गेला होता. दोघांपैकी कुणाच्याही हातात तो जोड पडला नाही.

महाराष्ट्रात बसून हे लिहिताना एका नावाला टाळून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्याचा रोख अघोरी, अमानुष प्रथांवर आणि चमत्काराच्या नावाखाली होणाऱ्या लुबाडणुकीवर आहे. घरी वही घेऊन बसलेल्या बाईला तो अडवत नाही. पण कायद्यापलीकडे दाभोलकरांनी विचारलेला प्रश्न टॅरो हातात घेणाऱ्या प्रत्येकाला लागू होतो: हे तुला खरं कशावरून वाटतं? मला हा प्रश्न साधनेचा शत्रू वाटत नाही. तो विचारल्याशिवाय बसूच नये.

त्याचं एक उत्तर मानसशास्त्रात आहे. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एक कागद दिला. ते वर्णन किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ आली. कागद सगळ्यांना एकच दिलेला होता, आणि त्यातली वाक्यं ज्योतिषाच्या एका साध्या पुस्तकातून उचललेली होती. "तुम्ही वरून कणखर दिसता, पण आतून हळवे आहात" असं कुणी पान पाहून म्हणालं, की आपल्याला भरून येतं ते यामुळेच. समोरचा पैसे घेऊन असं बोलत असेल तर ते सरळ शोषण आहे. त्यातही सर्वांत वाईट प्रकार भीतीचा: मनोरा आला, मृत्यू आला, आता अमुक रकमेचा उपाय करा. माझ्या ओळखीतल्या एका बाईने मुलाच्या आजारपणात अशा उपायांवर दागिने मोडले. त्या प्रकाराला साधना म्हणणाऱ्यांशी माझं काही नातं नाही.

मग पान काढायचंच कशाला, कोरी वही का पुरत नाही? याचं उत्तर मला कोकणात मिळालं. देवाला कौल लावताना गुरव ओल्या पाषाणावर पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतो, भक्त गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौलावर माझी श्रद्धा नाही. पण गाऱ्हाणं मी ऐकलंय. जमिनीच्या वाटणीपासून लेकीच्या लग्नापर्यंतची गोष्ट माणूस तिथे सगळ्या गावासमोर मोठ्याने, मुद्देसूद, स्वतःची चूक न लपवता मांडतो. पाकळी पडायच्या आधीच बरंचसं काम होऊन गेलेलं असतं. समोर आपल्याबाहेरचं काहीतरी लागतं, जे आपण निवडलेलं नाही. नाहीतर मन नेहमीच्याच पायवाटेने फिरत राहतं. पिसलेल्या पत्त्यांतून निघालेलं पान तेवढंच करतं. कौल मात्र निर्णयच पाकळीवर सोपवतो, आणि तिथे माझी वाट वेगळी होते. निर्णय मी पानावर सोपवत नाही.

म्हणून काही प्रश्न मी पानांपुढे ठेवतच नाही. आजार डॉक्टरांकडे, खटला वकिलांकडे. तिसरा माणूस मनात काय विचार करतो, हे पानांना विचारणं म्हणजे त्याच्या माघारी त्याच्यावर ठपका ठेवणं, तेही नाही. आणि घाबरलेल्या माणसासाठी मी पान काढत नाही. त्याच्याजवळ बसते.

सावंतवाडीला गंजिफाचे पत्ते पाहताना एक गोष्ट मनात घर करून राहिली. गोल पानं, लाखेची चकाकी, दशावतारी जोडात दहा रंगांची १२० पानं, प्रत्येक रंगाला एक अवतार. दिवसा राम ज्याच्या हातात तो खेळ सुरू करतो, रात्री कृष्ण. ही कला विझत चालली असताना राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चित्रकार बसवून ती जगवली. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात इजिप्तच्या मामलुक काळातले पत्ते आहेत, पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असलेले. त्यांवर गंजिफाचंच अरबी नाव आढळतं. युरोपातल्या पत्त्यांचे रंग याच घराण्यातले. म्हणजे टॅरो आणि सावंतवाडीची गंजिफा दूरची भावंडं निघतात. इजिप्तचं नातं शोधणाऱ्यांना खरं नातं इथे मिळालं असतं, देवळात नव्हे तर खेळाच्या पटावर.

मला मराठी चित्रांचा टॅरो हवाय. पामेलाच्या चित्रांवरचा हक्क भारतात केव्हाच संपलाय. पण नक्कल नकोच, तिने केलं ते काम हवं. आपल्या माणसांच्या उभं राहण्याच्या ढबी हव्यात. नावेतली बाई आणि पोर तरीवर हवीत. दहा काठ्यांचा भारा म्हणजे सरपणाची मोळी. नाण्यांच्या पंजीत तिने बर्फात चाललेले दोन कंगाल काढलेत, कुबड्यांवरचा पुरुष आणि अनवाणी बाई, डोक्यावर चर्चची उजळलेली खिडकी. आपल्याकडे बर्फ नाही. तिथे रात्रपाळीच्या दिव्यांनी लखलखलेला साखर कारखाना काढावा आणि फाटकाबाहेर ऊसतोडीला आलेलं जोडपं, बाईच्या कडेवर मूल, पुरुषाच्या हातात कोयता. बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे दरवर्षी जाणाऱ्या टोळीतल्या कुणापुढे हे पान पडलं, तर अर्थ सांगायला मध्ये कुणी बसावं लागणार नाही.